रंगीत लेझर प्रिंटरच्या दोन बोर्डांमधील चपटी केबल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कार्यालयाने भंगारात काढलेला ए-४ आकाराचा रंगीत लेझर प्रिंटर आपण घेतला. त्याचा फॉर्मॅटर, म्हणजे ज्यावर यूएसबी आणि नेटवर्कचे पोर्ट आहेत तो बोर्ड, बंद आहे. मात्र यंत्र चालू केल्यावर मोटारी फिरतात, टोनर कागदावर वितळवून बसवणारा फ्यूजर तापतो आणि इंजिनाच्या, म्हणजे प्रत्यक्ष छापणाऱ्या भागाच्या, चाचणीचे बटण दाबले की रेघा छापलेला कागद व्यवस्थित बाहेर येतो. फॉर्मॅटर आणि इंजिनाचा बोर्ड यांना जोडणारी एक चपटी केबल आपल्याला दिसते. तिच्यातून नेमके काय जाते, आणि ते कळले तर फॉर्मॅटरच्या जागी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवून छपाई करता येईल का, असे आपण विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे प्रिंटर आणि कॉपियर दुरुस्तीचे काम करतो. कोणत्या पिनवर काय येते हाच प्रश्न मलाही सुरुवातीला सर्वांत महत्त्वाचा वाटत असे. पिनांचा तक्ता हाती आला की काम झाले, अशी माझी समजूत होती. तक्ता हाती आल्यावर लक्षात आले की खरी अडचण तारांची नसून वेळेची आहे. फॉर्मॅटर हा संगणक आहे; एखादे पान तयार करायला त्याला दोन सेकंद लागोत की दोन मिनिटे, त्यामुळे काहीही बिघडत नाही. इंजिन हे फिरत्या वस्तूंचे यंत्र आहे. प्रतिमा धरणारा ड्रम, ती कागदापर्यंत नेणारा बेल्ट, लेझरचा किरण फिरवणारा आरसा आणि कागद एकदा चालू लागले की पुढची ओळ तयार व्हायची आहे म्हणून त्यांना मध्येच थांबवून ठेवता येत नाही. दोघांमधील सगळा व्यवहार याच तफावतीभोवती रचलेला आहे. पान सुरू होईपर्यंत तो फॉर्मॅटरच्या सवडीने चालतो, आणि पान सुरू झाले की घड्याळ इंजिनाचे असते. हे एकदा मनात बसले की केबलमधील प्रत्येक तारेचे कारण आपोआप उलगडत जाते.

ही विभागणी लेझर प्रिंटरच्या जन्मापासूनची आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१च्या सुमारास कॉपियरमध्ये लेझर बसवून छापणारा भाग सिद्ध केला, तेव्हा त्या भागाला अक्षरांचे बिंदू पुरवणारे उपकरण बटलर लॅम्पसन आणि रॉन रायडर यांनी वेगळे बांधले होते. पुढे कॅननने सीएक्स नावाचे छोटे इंजिन काढले. तेच इंजिन एचपीने १९८४ साली लेझरजेटमध्ये आणि ॲपलने १९८५ साली लेझररायटरमध्ये वापरले. इंजिन एकच, तीनशे डीपीआयचे (इंचाला तीनशे बिंदू) आणि मिनिटाला आठ पाने छापणारे. पण एचपीच्या कंट्रोलरवर, म्हणजे प्रतिमा तयार करणाऱ्या बोर्डावर, १२८ केबी मेमरी होती, तर पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा समजणाऱ्या ॲपलच्या कंट्रोलरवर दीड एमबी. पहिल्याची किंमत ३,४९५ डॉलर आणि दुसऱ्याची ६,९९५ डॉलर होती, यावरून त्या काळी इंजिनापेक्षा कंट्रोलरवर किती पैसा खर्च होत असे याचा अंदाज येतो. एकाच इंजिनावर दोन कंपन्या आपापले कंट्रोलर बसवू शकल्या, कारण त्या दोहोंमधील जोडणी नेमकी ठरवून दिलेली होती. तिला ‘व्हिडिओ इंटरफेस’ म्हणतात. चित्रपटाशी तिचा संबंध नाही. जुन्या दूरचित्रवाणी संचात जशी ओळीमागून ओळ चित्र काढत जाते आणि प्रत्येक ओळीच्या व प्रत्येक चित्राच्या आरंभी एक खूण लागते, तशीच ही रचना असल्याने ते नाव पडले.

पुढे जाण्यापूर्वी नावांचा घोळ मिटवून घेतो. दोन्ही बोर्डांना लोक कंट्रोलरच म्हणतात, आणि दुरुस्तीच्या निम्म्या चुका तिथेच होतात. एचपी आणि कॅननच्या परिभाषेत प्रतिमा तयार करणारा तो फॉर्मॅटर, ज्याला आपल्याकडील बाजारात लॉजिक कार्ड म्हणतात. आणि मोटारी, उच्च विद्युतदाबाचा पुरवठा, फ्यूजर, सेन्सर यांवर ताबा ठेवणारा तो डीसी कंट्रोलर. इतर कंपन्यांच्या पुस्तिकांत मेन बोर्ड आणि इंजिन बोर्ड अशी नावे आढळतात. मी पुढे फॉर्मॅटर आणि इंजिन एवढेच म्हणेन.

आपल्या यंत्राचे मॉडेल आपण लिहिलेले नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. जुन्या यंत्रांत व्हिडिओच्या तारा साध्या पाच व्होल्टच्या संकेतांवर चालत. नंतरच्या यंत्रांत त्याच कामासाठी दोन-दोन तारांच्या जोड्या आल्या, ज्यांत अत्यल्प व्होल्टेजचा फरक मोजून शून्य की एक ते ठरवले जाते. काही स्वस्त यंत्रांत फॉर्मॅटर नावापुरता असतो आणि पान तयार करण्याचे काम संगणकावरील ड्रायव्हर करतो. अलीकडच्या काही लहान यंत्रांत दोन्ही कामे एकाच बोर्डावर आलेली आहेत आणि मग दोघांमधील संवाद चिपच्या आतच होतो, तिथे आपल्याला प्रोब लावायला जागाच राहत नाही. आपल्याकडे दोन स्वतंत्र बोर्ड आहेत आणि फॉर्मॅटर बंद असताना चाचणीचे पान निघते, एवढ्यावरून आपले यंत्र पारंपरिक बांधणीचे आहे असे मी धरून चालतो.

या जोडणीतून दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे व्यवहार चालतात. पहिला व्यवहार संथ असतो. फॉर्मॅटर इंजिनाला छोटे छोटे आदेश पाठवतो आणि प्रत्येक आदेशाला इंजिन उत्तर देते: तयार आहेस का, कोणत्या ट्रेमध्ये कोणत्या आकाराचा कागद आहे, टोनर किती उरला, दार उघडे आहे का, कागद अडकला असेल तर कोणत्या सेन्सरपाशी. आदेशही याच वाटेने जातात. कागद जाड आहे असे फॉर्मॅटरने सांगितले की इंजिन फ्यूजरचे तापमान आणि कागदाची गती बदलते. पुष्कळ यंत्रांत जाड कागदासाठी सगळे निम्म्या गतीने चालते. टोनर कार्ट्रिजवरील चिपमधील माहितीही इंजिन वाचते आणि याच वाटेने वर कळवते. म्हणून कार्ट्रिजची चिप वाचली जात नाही असा संदेश पडद्यावर आला, तरी बिघाड पडदा असलेल्या बाजूला असेलच असे नाही. या व्यवहारात एखाद्या उत्तराला काही मिलिसेकंदांचा उशीर झाला तरी पानावर डाग पडत नाही. उत्तर फार वेळ आलेच नाही, तर मात्र फॉर्मॅटर संवाद तुटल्याचा दोष दाखवून काम थांबवतो. आपल्याला लॉजिक ॲनालायझर (तारांवरील संकेत नोंदवणारे उपकरण) लावून शिकायचे असेल तर सुरुवात याच तारांपासून करावी. यंत्र चालू केल्यापासूनच्या पहिल्या काही सेकंदांतील प्रश्नोत्तरे पाहण्यासारखी असतात.

दुसरा व्यवहार प्रतिमेचा, आणि तो अतिशय काटेकोर असतो. सीएक्ससारख्या जुन्या एकरंगी इंजिनात क्रम असा होता: इंजिन ‘तयार’ म्हणते, फॉर्मॅटर ‘छाप’ म्हणतो, इंजिन मोटारी चालू करून कागद ओढते आणि तो कागद नेमका जागेवर लावणाऱ्या रजिस्ट्रेशन रोलरपाशी आणून थांबवते. तिथून ते फॉर्मॅटरकडे ‘पानाची सुरुवात दे’ अशी मागणी करते. फॉर्मॅटरने ती खूण दिली की रोलर फिरतो आणि त्या क्षणापासून माघार नसते. म्हणजे अगदी शेवटच्या पायरीवर फॉर्मॅटरला थोडी उसंत होती. रंगीत यंत्रांत, विशेषतः ज्यांत आधी बेल्टवर चारही रंगांची प्रतिमा जमवून मग ती कागदावर उतरवतात त्यांत, प्रतिमा काढायला सुरुवात होते तेव्हा कागद अनेकदा ट्रेमध्येच पडलेला असतो. अशा यंत्रांत सुरुवातीची खूण सहसा इंजिनच देते आणि फॉर्मॅटरने ठरलेल्या वेळात पहिली ओळ दिलीच पाहिजे अशी अट असते. प्रतिमा बेल्टवरून पुढे सरकते, कागद मागाहून निघतो, आणि दोघांची गाठ प्रतिमा कागदावर उतरवणाऱ्या दुसऱ्या ट्रान्सफर रोलरपाशी पडते. ती नेमकी पाडण्याची जबाबदारी सर्वस्वी इंजिनाची असते.

आता एका ओळीकडे पाहू. लेझरचा किरण वेगाने फिरणाऱ्या बहुकोनी आरशावर पडतो आणि आरशाचा प्रत्येक पृष्ठभाग तो किरण ड्रमच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकदा फिरवतो. ड्रमवर पोचण्याआधी किरण बाजूच्या एका प्रकाश-सेन्सरवरून जातो. त्या सेन्सरच्या संकेताला बीम डिटेक्ट, किंवा आम्ही बोलताना नुसते बीडी म्हणतो. बीडी आला याचा अर्थ, किरण आता अमुक इतक्या वेळाने कागदाच्या डाव्या कडेशी पोचेल. फॉर्मॅटर त्या खुणेपासून मोजून ठरावीक अवधीनंतर त्या ओळीचे बिंदू एकामागून एक पाठवतो आणि त्यानुसार लेझर पेटतो व विझतो. आरशाची गती इंजिन राखते, खूण इंजिन देते, आणि फॉर्मॅटरने प्रत्येक ओळीला नव्याने त्या खुणेशी जुळवून घ्यायचे असते.

यातील आकडे पाहिल्याशिवाय काटेकोरपणा म्हणजे काय ते कळत नाही, म्हणून एक हिशेब मांडतो. सहाशे डीपीआयला ए-४ पानाच्या रुंदीत सुमारे ४,९६० बिंदू आणि लांबीत सुमारे ७,०१६ ओळी येतात. कागदाची गती सेकंदाला १२० मिलिमीटर धरली, म्हणजे साधारण मिनिटाला वीस पानांचे यंत्र, तर सेकंदाला जवळपास २,८३५ ओळी काढाव्या लागतात आणि एका ओळीला ३५३ मायक्रोसेकंद मिळतात. एकच किरण आणि सहा पृष्ठभागांचा आरसा असेल तर तो मिनिटाला सुमारे २८,००० फेरे घेतो. यंत्र चालू होताना जी बारीक शिट्टीसारखी चढती घरघर ऐकू येते ती याच मोटारीची. या ३५३ मायक्रोसेकंदांपैकी किरण प्रत्यक्ष कागदाच्या रुंदीवर असतो तो काळ दोन तृतीयांश धरला, तर एका बिंदूच्या वाट्याला साधारण ४७ नॅनोसेकंद येतात. शिवाय आजची यंत्रे बिंदूचेही भाग पाडून लेझर त्याच्या एका अंशापुरताच पेटवतात, त्यामुळे प्रत्यक्ष अचूकता याहूनही बारीक लागते. प्रत्येक ओळ बीडीपासून बिंदूच्या आठव्या हिश्श्यानेही मागेपुढे झाली तरी उभ्या रेघेची कड थरथरलेली दिसू लागते.

पान सुरू झाल्यावर थांबता येत नसल्यामुळे फॉर्मॅटरला ते सुरू करण्याआधी एक खात्री करून घ्यावी लागते, की शेवटच्या ओळीपर्यंतचा माल आपल्याकडे आहे किंवा वेळेत तयार होईलच. वरच्या हिशेबाने एका रंगाचे पान, प्रत्येक बिंदूला एकच बिट धरूनही, सुमारे ४.३५ एमबी होते आणि चार रंगांचे साडेसतरा. एचपीच्या २००५ सालच्या कलर लेझरजेट २६०० एनमध्ये एकूण मेमरीच सोळा एमबी होती. असे यंत्र चालते ते दाबून लहान केलेल्या माहितीवर: संगणकावरील ड्रायव्हर चारही रंगांचे बिंदू तयार करतो, जेबिग पद्धतीने दाबतो आणि पाठवतो, प्रिंटर ते दाबलेल्या रूपातच साठवतो आणि छापताना ओळीओळीने उलगडत इंजिनाला देतो. उलगडणे इंजिनाच्या गतीपेक्षा मागे पडले तर पान अर्धवट राहते किंवा यंत्र ते टाकून देते. जुन्या एचपी यंत्रांवर येणारा ‘२१’ क्रमांकाचा दोष, पान फार गुंतागुंतीचे असल्याचा, हा याच शर्यतीत हरल्याचा संदेश आहे. लग्नपत्रिकेची एखादी सावल्या आणि पारदर्शक थरांनी लादलेली फाइल अडते आणि शंभर पानांचा मजकूर सुरळीत निघतो, तेव्हा इंजिनाला दोष देऊन उपयोग नसतो.

रंगाचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. आधीच्या पिढीतील पुष्कळ यंत्रांत एकच लेझर आणि एकच ड्रम असे. चार रंगांच्या टोनरची चकती फिरत असे आणि बेल्टला किंवा ट्रान्सफर ड्रमला चार फेऱ्या घ्याव्या लागत. फॉर्मॅटरला चार वेळा ‘पानाची सुरुवात’ मिळे आणि तो दर वेळी एक रंग पाठवी. एकाच व्हिडिओच्या वाटेवर भागत असे, म्हणूनच ही यंत्रे कृष्णधवल पाने झपाट्याने आणि रंगीत पाने चौपट वेळाने छापत. आज बहुतेक यंत्रांत चार ड्रम एका रांगेत असतात आणि चारही रंग एकाच फेरीत बेल्टवर पडतात. त्यामुळे व्हिडिओच्या चार वाटा लागतात, आणि त्या एकाच वेळी सुरू होत नाहीत, यातच खरी गोम आहे.

समजा, दोन ड्रमांमधील अंतर ७५ मिलिमीटर आहे आणि क्रम पिवळा, मॅजेंटा (किरमिजी), सायन (निळसर), काळा असा आहे. सेकंदाला १२० मिलिमीटर गतीने बेल्टला एका ड्रमपासून दुसऱ्यापर्यंत जायला ६२५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे मॅजेंटाची पहिली ओळ पिवळ्याच्या पहिल्या ओळीनंतर १,७७२ ओळींनी यायला हवी. काळ्या रंगाची पहिली ओळ निघेपर्यंत पिवळ्याचे २९७ पैकी २२५ मिलिमीटर पान संपलेले असते. सलग छपाई चालू असताना फॉर्मॅटर एकाच क्षणी मागच्या पानाचा काळा आणि पुढच्या पानाचा पिवळा रंग पाठवत असू शकतो. या चार वाटांचे वेळापत्रक एक ओळ चुकले तर रंग ४२ मायक्रोमीटरने सरकतो. दोन-तीन ओळी चुकले की काळ्या अक्षराभोवती रंगीत झालर दिसते. यात आणखी एक वळण आहे, जे मला प्रथम समजले तेव्हा मी चकितच झालो होतो. काही यंत्रांत चारही किरण एकाच आरशाच्या समोरासमोरच्या बाजूंवरून परावर्तित होतात, त्यामुळे दोन रंगांचे किरण डावीकडून उजवीकडे आणि उरलेल्या दोन रंगांचे उजवीकडून डावीकडे फिरतात. अशा यंत्रात दोन रंगांच्या प्रत्येक ओळीतील बिंदू उलट क्रमाने द्यावे लागतात. स्वतःचा बोर्ड बनवणाऱ्याला हे माहीत नसेल तर पहिल्या पानावर अर्धे रंग आरशातल्यासारखे छापले जातील.

ड्रम, आरसे आणि लेझर युनिट उष्णतेने किंचित हलतात, म्हणून हे अंतर कायमचे ठरवून भागत नाही. त्यासाठी केबलमधून उलट दिशेनेही महत्त्वाची माहिती येते. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे रंगांची जुळणी तपासण्याच्या, वेळी इंजिन फॉर्मॅटरकडून ठरावीक नक्षीचे संकेत मागते, ती नक्षी कागदावर न छापता बेल्टवर काढते, बेल्टजवळील सेन्सरने तिच्या जागा मोजते आणि कोणता रंग किती सरकला ते कळवते. मग पुष्कळ यंत्रांत फॉर्मॅटर आपल्या वेळापत्रकात किंवा प्रतिमेत तेवढी दुरुस्ती करतो. रंगाच्या गडदपणाचेही असेच आहे, पण तिथे कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. पूर्ण भरीव रंग किती गडद यावा हे इंजिन स्वतःच डेव्हलपिंगचा, म्हणजे टोनर ड्रमवर चढवण्याचा, विद्युतदाब बदलून ठरवते. मधल्या फिक्या छटांसाठी मात्र ते फक्त मोजमाप कळवते आणि छटांचा तक्ता फॉर्मॅटर बदलतो. त्यामुळे भरीव लाल चौकोन ठीक, पण चेहऱ्यांचे रंग बिघडलेले असतील, तर माझी शंका टोनरपेक्षा आधी कॅलिब्रेशनकडे जाते.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर केबलमध्ये एक संथ प्रश्नोत्तरांची वाट आहे, इंजिनाकडून येणाऱ्या पानाच्या व ओळीच्या खुणा आहेत, फॉर्मॅटरकडून जाणाऱ्या चार रंगांच्या चार वेगवान वाटा आहेत, आणि बहुतेक वेळा याच जोडणीतून किंवा शेजारच्या जोडणीतून फॉर्मॅटरला लागणारा वीजपुरवठाही जातो. हा शेवटचा मुद्दा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतो.

बिघाड कोणत्या बाजूला आहे हे ओळखण्यासाठी आपण दाबलेले चाचणीचे बटण हे सर्वांत मोलाचे साधन आहे. त्या वेळी रेघांची नक्षी इंजिन स्वतः तयार करते. फॉर्मॅटरचा त्यात काहीही हात नसतो. ते पान स्वच्छ निघाले म्हणजे लेझर, ड्रम, बेल्ट, फ्यूजर आणि कागदाची वाट ठीक आहे. त्याचा मर्यादित अर्थही लक्षात ठेवावा: केबल आणि इंजिनाच्या बोर्डावरील व्हिडिओ स्वीकारणारा भाग यांची परीक्षा त्या पानाने होत नाही. काही वर्षांपूर्वी खाडीलगतच्या एका गावातील छपाईच्या दुकानातून माझ्याकडे एक यंत्र आले होते. पाने निघत, पण फक्त सायन रंग आडव्या पट्ट्यांत फाटल्यासारखा सरकत असे, बाकीचे तीन रंग जागच्या जागी. दुकानदाराने माझ्याआधी सायनचे कार्ट्रिज दोनदा आणि बेल्ट एकदा बदलला होता. टोनर किंवा ड्रम बिघडला तर रंग फिका पडतो, डाग पडतात किंवा ठरावीक अंतराने खूण उमटते. परंतु ओळी डावीउजवीकडे उडत असतील तर ती वेळेची किंवा संकेताची चूक असते, आणि ती एकाच रंगात असेल तर त्या रंगाच्याच वाटेवर असते. चाचणीचे पान स्वच्छ निघाले. चपटी केबल काढली तर तिच्या टोकाच्या दोन-तीन पट्ट्यांवर दमट हवेने काळपट थर आलेला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोके पुसली, खटका नीट बसवला आणि यंत्र सुरळीत चालू लागले. खर्च झाला तो माझ्या अर्ध्या तासाचा आणि त्यांच्या तीन अनावश्यक सुट्या भागांचा.

दोषांचे क्रमांकही दिशा दाखवतात. एचपीच्या यंत्रांत ४९ आणि ७९ हे क्रमांक सहसा फॉर्मॅटरच्या सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतात, ५० हा फ्यूजरकडे, ५१ आणि ५२ बीम डिटेक्ट व आरशाच्या मोटारीकडे, तर ५५ हा इंजिनाच्या बोर्डाकडे किंवा त्याच्याशी चाललेल्या संवादाकडे. पडद्यावर दोष फॉर्मॅटर दाखवतो, पण तो पुष्कळदा इंजिनाने कळवलेलाच असतो.

आता रास्पबेरी पायबद्दल. त्यावर लिनक्स चालते, आणि लिनक्स हाताखालच्या कामांना वेळ वाटून देताना काही दहा मायक्रोसेकंदांचा उशीर सहज करते. बीडीची खूण आल्यावर पन्नास मायक्रोसेकंद उशिराने ओळ सुरू झाली, तर वरच्या हिशेबाने ती हजारावर बिंदू, म्हणजे जवळपास साडेचार सेंटिमीटर उजवीकडे छापली जाईल, आणि प्रत्येक ओळीचा उशीर निराळा असेल. संथ प्रश्नोत्तरांची वाट पायला जमण्यासारखी आहे. व्हिडिओसाठी मात्र मध्ये एफपीजीए (आतले सर्किट आपल्याला हवे तसे रचता येणारी चिप) लागेल, जो बीडीशी स्वतःचे घड्याळ प्रत्येक ओळीला जुळवेल, चार रंगांच्या ओळी आपल्या मेमरीत आधीच भरून ठेवेल आणि पायला फक्त भरण्याचे काम देईल. हे अशक्य नाही, आणि विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला यातून जे शिकायला मिळेल ते कुठल्याही वर्गात मिळणार नाही. पण हा काही महिन्यांचा उद्योग आहे, प्रिंटरची दुरुस्ती नव्हे. तो करायचाच असेल तर जुने एकरंगी इंजिन घ्यावे. लेझर युनिटचे झाकण उघडून प्रयोग मात्र कधीही करू नयेत. झाकणे लावलेले यंत्र बाहेरून सुरक्षित असते, पण आतला किरण बहुधा डोळ्याला न दिसणारा अवरक्त असतो आणि डोळ्याचे कायमचे नुकसान करू शकतो. दाराचे स्विच दाबून ठेवून यंत्र चालवण्याची सवय असलेल्या कारागिरांनाही मी हेच सांगतो.

प्रिंटर वापरात आणायचा असेल तर आधी फॉर्मॅटर खरोखर मेला आहे का ते पाहावे. त्याला स्वतःचा पॉवर सप्लाय नसतो. इंजिनाकडून येणारे ३.३ किंवा ५ व्होल्ट त्याच्यापर्यंत पोचतात का ते मल्टिमीटरने मोजावे. ‘जळालेले’ म्हणून माझ्याकडे आलेले काही फॉर्मॅटर पुरवठ्याचा फ्यूज बदलल्यावर किंवा केबल नीट बसवल्यावर चालू झालेले आहेत. अनेक बोर्डांवर जिवंतपणाची खूण म्हणून लुकलुकणारा एक छोटा एलईडी असतो. तो लुकलुकत असेल तर प्रोसेसर चालू आहे आणि शोध केबलकडे वळवावा. पुरवठा आहे आणि एलईडी कायम विझलेला आहे, तर बोर्ड बदलावा. बदलताना केबलचा आकार जुळतो एवढ्यावर विश्वास ठेवू नये. एकाच मालिकेतील नेटवर्क असलेल्या व नसलेल्या मॉडेलांचे बोर्ड काही वेळा परस्परांत चालतात, पण शेजारच्या मालिकेचा बोर्ड खोबणीत बसूनही सुरुवातीच्या प्रश्नोत्तरांतच नाकारला जातो. म्हणून बोर्डावरील पार्ट नंबर जुळवूनच घ्यावा. जुन्या बोर्डावर वेगळी छोटी मेमरी चिप सॉकेटमध्ये असेल तर ती जपून ठेवावी, कारण काही यंत्रांत पानांची मोजणी आणि जुळणीचे आकडे तिच्यात असतात.

नवा बोर्ड बसवल्यावर प्रथम कॉन्फिगरेशन पान छापावे आणि मगच मेनूमधून कॅलिब्रेशन चालवावे. कॅलिब्रेशन दोष न देता पूर्ण झाले, तर चारही रंगांच्या वाटा, बीडी आणि इंजिनाकडून परत येणारी मोजमापे या सर्वांची परीक्षा एकाच वेळी झालेली असते. ते मध्येच अडले, तर कोणत्या क्रमांकाच्या दोषावर अडले तो क्रमांक, प्रिंटरचे मॉडेल आणि दोन्ही बोर्डांची स्पष्ट छायाचित्रे कळवावीत; तेवढ्यावरून पुढचे सांगता येईल.